तात्पुरतं म्हणजे किती दिवस

लोकांना त्यांच्या राहत्या घरातून उठवणं, हे माझं काम होतं. कागदावर माझं पद 'समूह संघटक' असं होतं आणि नेमणुकीच्या आदेशात 'लोकसहभाग' हा शब्द मोठ्या कौतुकानं वापरलेला होता. साध्या भाषेत सांगायचं तर शहराच्या मालकीच्या जागेवर जुनी वस्ती असते. ती पाडून तिथंच, भर बाजारात, गरिबाला परवडतील अशी पक्की घरं बांधायची असतात. इंजिनिअर नकाशा काढतो, कंत्राटदार यंत्रं आणतो. त्याच्या आधी वस्तीत जाऊन, चपला दाराशी काढून, सतरंजीवर बसून माणसांकडून 'हो' म्हणवून घेणारी जी बाई असते, ती मी.

नोकरीची सुरुवात अकोल्यात झाली, शेवट अमरावतीत. मधल्या काळात मी कशाकशाला भ्यायले याची मोजदाद ठेवली नाही. पिऊन अंगावर येणाऱ्यांना भ्यायले, सभेत माइक हिसकावणाऱ्यांना भ्यायले, गल्लीतल्या कुत्र्यांना तर कायमच. पण खरी भीती वाटायची ती 'हो' म्हणणाऱ्या माणसाची. 'नाही' म्हणणारा आपलं छप्पर आपल्याच हातात ठेवतो. 'हो' म्हणणारा ते तुमच्या हातात देतो आणि मग तुमच्या तोंडाकडे बघत राहतो.

अकोल्यातले एक दत्तूजी आठवतात. भाजीची गाडी लावायचे. त्यांना तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं. सामान वर गेलं, बायको वर गेली, सुना-नातवंडं वर गेली. दत्तूजी मात्र जिन्याखाली पोतं टाकून झोपायला लागले. मी विचारलं, "काऊन जी, घर नाई आवडलं?" तर म्हणाले, "घर चांगलं हाय वो बाई. पन खाली कोनाचं तरी डोकसं अन् वर कोनाचे तरी पाय. मी हवेत लटकून राह्यलो असं वाटते. जमीन कुठी हाय माही?" तेव्हा मी हसले होते. ऑफिसात ही गोष्ट रंगवून सांगितली होती. जमीन पायाखालून जाते म्हणजे काय होतं, ते मला पुढं अमरावतीत कळलं, आणि त्याचीच ही हकिकत आहे.

राजापेठेच्या गर्दीला लागून, दुकानांच्या रांगेमागं, म्युनिसिपालटीची एक जुनी दुमजली चाळ होती. नळ सोडणारे, झाडणारे, जकात नाक्यावरचे शिपाई यांच्यासाठी कधीकाळी बांधलेली. नोकरीतून निवृत्त झालेली माणसं तिथंच राहिली, त्यांची पोरं तिथंच मोठी झाली, काही खोल्यांत दुसरीच कुटुंबं आली. विटांच्या जाड भिंती, त्यांवरच सगळा भार. खांब नाहीत, तुळया लाकडाच्या. पावसाळ्यात भिंती ओल्या, उन्हाळ्यात पोपडे. बाहेर शिकवणी वर्गांच्या पोरापोरींच्या गाड्यांचा गोंगाट, आणि आत नळावर बादल्यांची रांग. जागा मोक्याची, म्हणून सगळ्यांचा डोळा तिच्यावर. कुणाला तिथं पार्किंग हवं होतं, कुणाला दुकानं. शेवटी ठरलं ते असं: रस्त्याच्या बाजूला दुकानं, मागं पाच मजली इमारत, आणि त्या इमारतीत चाळीतल्या प्रत्येक कुटुंबाला घर. उरलेली घरं सोडत काढून गावातल्या इतर गरिबांना.

काम दोन टप्प्यांत होतं. चाळीचा उत्तरेकडचा अर्धा भाग आधी पाडायचा. तिथली कुटुंबं गावाबाहेर, टिनाच्या खोल्यांमध्ये तात्पुरती राहतील. पाडलेल्या जागेवर इमारतीचा पहिला भाग उभा राहील. मग दक्षिणेकडच्या अर्ध्या भागातली माणसं आपली भांडीकुंडी उचलून थेट नव्या घरात. त्यांना टिनात जायचं कामच नाही. हे मी दक्षिणेच्या लोकांना शंभरदा तरी सांगितलं असेल. हा माझा सर्वांत भक्कम मुद्दा होता.

या दक्षिण टोकाच्या वरच्या मजल्यावर, शेवटच्या खोलीत गिरजाबाई राहत. नगरपालिकेत झाडूवाल्या म्हणून जन्म काढलेल्या, उंच, हाडकुळ्या. वयानं माझ्याहून बऱ्याच मोठ्या, म्हणून मी त्यांना मावशी म्हणायची. त्या मला मनात आलं तर 'मॅडम' म्हणत, नाहीतर सरळ 'तू'. त्यांचे यजमान नामदेवराव, निवृत्त वॉलमन. वॉलमन म्हणजे गल्लोगल्लीचे पाण्याचे व्हॉल्व्ह उघडणारा-बंद करणारा माणूस. लकव्यानं त्यांचं एक अंग गेलं होतं आणि ते कायम खाटेवर असत. बोलणं जड झालं होतं, पण डोकं साफ होतं.

पहिल्याच सभेत गिरजाबाई मागून उठून उभ्या राहिल्या. "मॅडम, तात्पुरतं म्हंजे किती दिवस?"

मी म्हटलं, "मावशी, तुमाले तात्पुरतं बी जायचं नाई. तुमी सरळ नव्या घरात."

"मी माह्यासाठी नाई इचारत. त्या उत्तरेच्या लोकायसाठी इचारून राह्यली. किती दिवस?"

मी कार्यालयात जे सांगितलं गेलं होतं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि बसल्या. सभा संपल्यावर जवळ आल्या. त्यांचं माहेर अकोल्याचं. बाप एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, हमाल होता. कामगारांच्या खोल्यांची दुरुस्ती करायची म्हणून मालकानं सगळ्यांना तात्पुरतं बाहेर मैदानात बसवलं. "माह्या मायनं चुलीची राख बी सोबत नाई नेली," त्या म्हणाल्या. "चार दिवसानं येतोच हाओ म्हने. मंग गेट लागलं. त्या मैदानात माही माय मेली. तेव्हापासून 'तात्पुरतं' म्हटलं का मी पयले दिवस इचारतो."

मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "मावशी, ही जागा मालकाची नाई, शहराची हाय. इथं असं होत नाई."

उत्तरेचा भाग रिकामा झाला, पाडला गेला. माणसं ट्रॅक्टरवर सामान लादून टिनाच्या खोल्यांकडे गेली. जाताना काहींनी दारांना हात लावून नमस्कार केला. मग पायाचा खड्डा खोदायला सुरुवात झाली.

आता थोडं मातीबद्दल सांगायला हवं. आपल्या वऱ्हाडची काळी माती कापसाला जितकी मायाळू, तितकीच घराला वैरी. उन्हाळ्यात ती आक्रसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसात फुगते. तिच्यावरचं जुनं घर दरवर्षी थोडं उठतं, थोडं बसतं, आणि चांगल्या भिंती हे सहन करतात. पण शेजारीच खोल खड्डा खोदला, की तिला एका बाजूनं आधार राहत नाही. आमचे इंजिनिअर गावंडे हे मला नीट समजावून सांगत. ते शांत, सावध माणूस, बोलताना सारखा चष्मा पुसणारे. खड्ड्याच्या कडेला टेकू लावले होते. पावसाच्या आत पाया वर आणायचा, असा बेत होता.

पण बेत मागं पडला आणि झड लागली. झड म्हणजे कोसळणारा पाऊस नव्हे. तो एका जागी बसून राहिलेला पाऊस असतो, दिवसामागून दिवस. सूर्य नाही, कपडे वाळत नाहीत, भिंती घाम फुटल्यासारख्या दिसतात. खड्ड्यात पाणी साचलं. पंप लावून ते उपसत, ते परत भरे. कडेच्या मातीची ढेकळं पाण्यात पडल्याचा 'डुबुक' असा आवाज चाळीत ऐकू यायचा. एखादं जनावर पाण्यात उतरून राहिलंय असं वाटे. पोरं तो आवाज आला की आयांना बिलगत.

एक दिवस मुनीरभाईंचा फोन आला. हे खालच्या मजल्यावर राहत, गाड्यांच्या सीटना कव्हर शिवायचे. म्हणाले, "मॅडम, जरा आके देखो. जिन्याच्या बाजूची भिंत चिरली."

भेग गिरजाबाईंच्या खोलीच्या आणि जिन्याच्या मधल्या भिंतीत होती. खालून वर तिरपी गेलेली. गावंड्यांनी तिच्यात करंगळीचं नख घालून पाहिलं. मग बॅगेतून काचेच्या पातळ पट्ट्या काढल्या आणि भेगेवर आडव्या, दोन्ही टोकांना सिमेंट लावून चिकटवल्या. मला म्हणाले, "भेग जुनी असेल, थांबलेली असेल, तर काच तशीच राहील. भेग चालत असेल तर काच तडकेल. काचेला ताणता येत नाही, मॅडम. ती खोटं बोलत नाही."

दोन दिवसांनी आम्ही गेलो तर काच फुटलेली.

चाळ तत्काळ रिकामी करायची, असा निर्णय झाला. दक्षिणेच्या सगळ्यांनी टिनात जायचं. ज्यांना मी 'तुमाले टिनात जायचं कामच नाई' असं सांगितलं होतं, त्यांच्यासमोर मला हे सांगायला पाठवलं गेलं. मी अंगणात, छत्रीखाली उभी राहून बोलत होते आणि माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता.

मग वरच्या कठड्यावरून गिरजाबाई म्हणाल्या, "काच तुमीच फोडली असन."

त्या एका वाक्यानं सगळं पेटलं. हो, तुम्हीच फोडली. आम्हाला भेव दाखवून काढायचं, मग जागा साफ. दुकानं होतील, पार्किंग होईल. कोणी म्हणालं, कंत्राटदाराचा माणूस सकाळी जिन्यात दिसला होता. मी सांगत होते, कोणी ऐकत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, मलाही त्यांच्या जागी तसंच वाटलं असतं.

मुनीरभाईंनी वाट काढली. "नई काच लगाव," ते म्हणाले. "ह्या वेळी आमी सोता पहारा देतो. आमच्या डोळ्यापुढं फुटली तं आमी निघतो. कसम."

गावंड्यांना हे अजिबात पसंत नव्हतं. त्या भिंतीजवळ माणसं बसवायची म्हणजे काय? पण दुसरा उपाय पोलिस बोलावण्याचा होता, आणि पोलिस आले की त्या अरुंद जिन्यात रेटारेटी झाली असती. त्यांनी पट्टी लावली, आणि बहुतेक कुटुंबांनी मुलंबाळं, म्हातारी माणसं नातेवाइकांकडे पाठवली. चाळीत पाच-सहा माणसं उरली. त्यांत गिरजाबाई आणि नामदेवराव.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले तेव्हा गावंडे खड्ड्याच्या कडेला पंपांशी होते आणि मुनीरभाई जिन्याच्या तोंडाशी स्टुलावर बसलेले होते. मला वर जाऊ देईनात. "उपर मत जाव मॅडम. मले आवाज येऊन राह्यला अंदरसे. बारीक, उंदीर कुरतडते तसा."

"मावशी?"

"त्या ऐकतच नाई कोनाचं."

मी वर गेले. मी शूर आहे म्हणून नव्हे. खाली उभं राहून वाट पाहण्याची भीती त्या वेळी मोठी होती. जिन्याच्या पायऱ्या चढताना मी भिंतीपासून अंग चोरून घेत होते, जणू माझा धक्का लागूनच ती पडेल.

खोलीत अंधार होता, वीज तोडलेली होती. नामदेवराव खाटेवर, गिरजाबाई खाली, पाठ दाराकडे करून. त्यांच्या समोरच भिंतीवर काचेची पट्टी होती. दाराच्या उजेडात ती चमकत होती.

"आली तू," त्या म्हणाल्या. "बस. पाह्यत बस माह्यासंगं."

मी बसले. आयुष्यात मी कशाकडे इतकं डोळे लावून पाहिलं नसेल. बाहेर झड चालूच. खड्ड्यात ढेकूळ पडलं, डुबुक. मग मी हळूच म्हटलं, "मावशी, तुमाले मनातून माहीत हाय काच आमी नाई फोडली. मंग काऊन बसल्या इथं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीकडेच बघत म्हणाल्या, "याले कसा नेऊ?"

"म्हंजे?"

"हा मानूस खाटेवर पडल्यापासून जिना उतरला नाई. डाक्टर वर आला, न्हावी वर आला. चार जन लागतीन उचलाले, अन् जिना त्याच भित्ताडाले लागून. लोक म्हनतीन, म्हातारा हाय, असू दे, आपला जीव वाचवा. मी कोनाले सांगू, या माह्या मानसासाठी तुमी तुमचा जीव धोक्यात घाला म्हनून?" मग आवाज आणखी खाली आणून म्हणाल्या, "अन् तथी टिनात संडास अर्धा कोस दूर. याचं कसं करू? मी मेल्यावर याचं कोन करन? त्यापेक्षा दोघं इथंच..."

मला तेव्हा कळलं. सगळ्या सभांमधला तो राग, तो काचेचा आळ, सगळ्याच्या मागं हे होतं. भीती माणूस तिच्या नावानं सांगत नाही. ती दुसऱ्या कशाचं तरी नाव घेऊन येते.

नामदेवराव खाटेवरून काहीतरी बोलले. मला शब्द लागले नाहीत. गिरजाबाईंनी सांगितलं, "म्हनते, मले राहू दे, हिले घेऊन जा."

आणि तेवढ्यात काच तडकली.

आवाज अगदी लहान होता, बोटं मोडल्यासारखा. आम्ही दोघींनी पाहिलं. पट्टीच्या मधोमध एक रेघ उमटली आणि खालचा तुकडा जमिनीवर पडला. छतातून पांढरी धूळ भुरभुर येऊ लागली, नामदेवरावांच्या पांघरुणावर, माझ्या हातावर.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. मुनीरभाई धावत वर आले, त्यांच्यामागं गावंडे. गावंड्यांचा चष्मा कुठं तरी पडला होता. खाट जिन्यातून वळली नसती. मुनीरभाईंनी गोधडी सोडवून तिची झोळी केली. डोक्याकडे ते दोघं, पायांकडे गिरजाबाई आणि मी. माझ्या आयुष्यात मी इतकं जड काही उचललं नाही. तो माणूस हाडांचा सापळा होता, तरीही.

जिना सुरू झाला आणि मी चूक केली, भिंतीकडे पाहिलं. भेग आता हात जाईल एवढी झाली होती आणि तिच्यातून पलीकडचा उजेड दिसत होता. भिंतीच्या आरपार उजेड दिसणं! माझे पाय तिथंच थिजले. खाली जायचं की वर पळायचं, काही सुचेना. मागून सगळे माझ्यामुळे अडकले.

गिरजाबाई ओरडल्या नाहीत. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाल्या, "बाई, पायरीकडं पाह्य. भिंतीकडं नोको पाहू. एक पाय टाक. टाक. आता दुसरा."

तशा आम्ही उतरलो. अंगणातून पळालो, दुकानांच्या मागच्या बोळात आलो, आणि मुनीरभाईंनी नामदेवरावांना एका शटर ओढलेल्या दुकानाच्या ओट्यावर ठेवलं. इतर माणसं आधीच बाहेर होती. मी मोजत होते, पुन्हा पुन्हा मोजत होते, आकडा लागत नव्हता.

भिंत संध्याकाळच्या आधी पडली. मी ऐकून होते की मोठा आवाज होतो. तसं झालं नाही. जिन्यासकट तो कोपरा खाली बसला, पाठीत वाकून बसणाऱ्या म्हाताऱ्यासारखा, आणि मग खड्ड्याकडे कलला. पाण्याचा मोठा लोट उठला. गिरजाबाईंची खोली अर्धी उघडी पडली. त्यांच्या भांड्यांची मांडणी भिंतीवर जशीच्या तशी दिसत होती, रस्त्यावरच्या सगळ्यांना. त्यांनी डोक्यावरचा पदर तोंडापुढं ओढला. मला वाटलं रडतायत. पण त्यांना लाज वाटत होती.

कोणी मेलं नाही. लोक हेच सांगतात, आणि पेपरातही तेवढंच आलं. पण त्यानंतर बरेच महिने मी घरी स्वयंपाक करताना ओट्यामागच्या भिंतीवर हात ठेवून बघायची. माझे यजमान विचारत, "काय पाहून राह्यली?" मी म्हणे, "काही नाही."

यापुढचा काळ टिनाच्या खोल्यांतला. तो मला त्या दुपारपेक्षा लांब आणि वाईट वाटतो. काम थांबलं. खड्डा नव्यानं करायचा, नकाशा बदलायचा, जुना कंत्राटदार गेला, नवा येईना. मी दर आठवड्याला तिकडे जायची, आणि दर आठवड्याला सांगायला काही नसायचं. अफवा मात्र माझ्या आधी पोचलेली असे. तिथं आता मॉल होणार. तिथं एका पुढाऱ्याचं हॉटेल होणार. जागा विकली. मी म्हणायची, जागा शहराची आहे, विकता येत नाही. ते म्हणायचे, शहर म्हंजे कोन?

नामदेवरावांसाठी मी एक गोष्ट करून घेतली: त्यांच्या खोलीला लागून संडास. त्यासाठी मी ज्या वरिष्ठांसमोर कधी मान वर केली नव्हती, त्यांच्या दारात बसून राहिले. गिरजाबाईंनी आभार मानले नाहीत. "हे तू केलं, ठीक हाय," म्हणाल्या. "पन पक्का संडास बांधला म्हंजे आता इथंच ठेवतीन, नाई?"

मे महिन्यातल्या एका दुपारी बायकांनी मला त्या खोल्यांमधल्या छोट्या ऑफिसात कोंडलं. कडी बाहेरून. टिन तापून अंगार झालेलं, पंखा बंद, पाणी नाही. बाहेरून आवाज येत होते. "आता समजू दे कसं लागते ते." आधी मी चिडले, मग घाबरले, मग घाम यायचाच थांबला आणि मला खरोखर मरणाची भीती वाटली. मी दारावर थापा मारल्या. कोणी उघडेना.

बऱ्याच वेळानं गिरजाबाईंचा आवाज आला. त्या भांडत होत्या, माझ्यासाठी नव्हे. "हिले मारून काय भेटन तुमाले? ही मेली तं दुसरी येईन. त्या दुसरीले तं आपली नावं बी माहीत नसतीन."

कडी निघाली. त्यांनी माझ्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि म्हणाल्या, "जाय. पुढच्या हप्त्यात येशीन का नाई?"

मी म्हटलं, "येईन."

"मंग जाय."

मी गेले, आणि पुढच्या आठवड्यात परत गेले. नोकरीत मी काही मोठं केलं असेल तर एवढंच, की मी जाणं बंद केलं नाही.

नवा कंत्राटदार आला. या वेळी काळी माती सगळी काढून खालच्या मुरमापर्यंत गेले, पावसाळाभर काम बंद ठेवलं, मग पाया घातला. गावंडे रोज उभे राहत. इमारत वर चढू लागली तशी टिनातली माणसं सिटीबसनं येऊन, रस्त्यापलीकडे उभी राहून बघून जात. कोणी आनंद दाखवत नसे. दृष्ट लागेल या भीतीनं जणू. एक बाई मला म्हणाली, "मी घरी सांगतच नाई मी पाह्याले येतो म्हनून."

कुणाला कोणता मजला याचीही सोडत काढली, तीत गिरजाबाईंना चौथा मजला निघाला. आजारी माणसाच्या अर्जावर खालचं घर मागता आलं असतं, मी तसं सुचवलं. त्या नको म्हणाल्या. खाली पाणी शिरतं, खाली माती असते. त्यांना मातीपासून दूर जायचं होतं.

चाव्या द्यायचा दिवस माझ्या निवृत्तीच्या थोडाच आधी आला. मांडव होता, पाहुणे होते, भाषणं होती. नामदेवरावांना चाकाच्या खुर्चीवर बसवून लिफ्टमध्ये नेलं. लिफ्टचं दार लागलं तसं गिरजाबाईंनी माझं मनगट पकडलं. लिफ्ट हलली, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मध्ये थोडी थरथरली, आणि आम्ही दोघींनी एकाच वेळी श्वास रोखला. नामदेवराव आमच्याकडे बघून तोंडाच्या चालत्या बाजूनं हसले. मग लिफ्ट पुन्हा चालली.

घराच्या दाराशी गिरजाबाई थांबल्या. "तू आधी जाय आत," म्हणाल्या.

मी आत गेले. रिकामी खोली, चुन्याचा वास. मी प्रत्येक भिंतीला पाठ टेकवून दाखवली, फरशीवर पाय आपटून दाखवले. मग त्यांनी खुर्ची आत ढकलली, ती खिडकीजवळ नेली, चाकापुढं वीट ठेवली. मागं वळून दार लावलं, आणि आतून कडी घातली.

थोड्या वेळानं दार वाजलं. कुणीतरी म्हणालं, "आजी, उघडा, साहेब आलेत. फोटो घ्यायचा आहे." मी दाराकडे निघाले तर गिरजाबाईंनी हाताच्या इशाऱ्यानं मला थांबवलं. दार पुन्हा वाजलं, जरा जोरात. "मॅडम आत आहेत का? मॅडम!"

"काहून आले ते?" त्यांनी हळूच विचारलं.

"फोटो घ्याले, मावशी."

"'घर सोडून निंगा' म्हनाले नाई?"

"नाई."

"मंग वाजवू दे."

त्या भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसल्या, मी त्यांच्याजवळ बसले. आयुष्यभर मी लोकांची दारं वाजवत आले होते. आतल्या बाजूला बसून तो आवाज कसा येतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं. प्रत्येक थापेला गिरजाबाईंचे खांदे किंचित दचकत होते. पण त्या उठल्या नाहीत. बाहेरची माणसं थोडा वेळ थांबली, आपसात काही बोलली, आणि शेजारच्या दाराकडे निघून गेली.